ज्ञान, अंत आणि मौन : ‘आउटर वाइल्ड्स’ या विज्ञानकल्पित अन्वेषण-खेळाची व खेळणाऱ्यांच्या प्रतिसादाची समीक्षा

१. प्रस्तावना

कथा, कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांच्या समीक्षेची मराठीत दीर्घ परंपरा आहे. व्हिडिओ गेमकडे मात्र आजही मुलांची करमणूक, वेळेचा अपव्यय अथवा व्यसन याच दृष्टीने बहुधा पाहिले जाते. या दृष्टीत तथ्य मुळीच नाही असे नाही. परंतु एखाद्या कलाप्रकाराची योग्यता त्यातील सामान्य निर्मितीवरून ठरवावयाची की श्रेष्ठ निर्मितीवरून, हा प्रश्न येथेही विचारणे अगत्याचे आहे. केवळ रंजनपर कादंबऱ्या वाचून कादंबरी या प्रकाराविषयी मत बनविणे जसे अन्यायाचे ठरेल, तसेच केवळ गोळीबाराचे खेळ पाहून या माध्यमाविषयी मत बनविणेही अन्यायाचे ठरेल.

प्रस्तुत निबंधात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आउटर वाइल्ड्स’ या विज्ञानकल्पित अन्वेषण-खेळाचा आणि तो खेळणाऱ्यांच्या प्रतिसादाचा विचार केला आहे. या विचारामागे दोन प्रश्न आहेत. पहिला, या खेळातील वातावरण हे केवळ सजावट आहे की त्याच्या आशयाचा भाग आहे? दुसरा, हा खेळ पूर्ण केलेले लोक त्याविषयी भरभरून बोलू इच्छितात आणि तरीही इतरांसमोर मौन पाळतात, ते का? या मौनाचे समीक्षेच्या दृष्टीने काय मूल्य आहे?

प्रतिक्रियांची आकडेवारी मांडणे हा या निबंधाचा हेतू नाही. खेळणाऱ्यांच्या जाहीर लेखनातून, चर्चांतून व त्यांनी प्रसृत केलेल्या चित्रफितींतून वारंवार दिसणाऱ्या प्रवृत्तींचाच येथे परामर्श घेतला आहे. तसेच या निबंधात खेळाच्या शेवटाची उघड चर्चा केली आहे. शेवट झाकून ठेवून या कलाकृतीविषयी गंभीरपणे बोलता येत नाही, ही येथील भूमिका असून तिचे समर्थन पुढील विवेचनात येईल.

२. पूर्वपरंपरा व निर्मिती

अवकाशात भटकण्याची कल्पना संगणकीय खेळांच्या इतिहासात अगदी आरंभापासून दिसते. १९६२ सालच्या ‘स्पेसवॉर’मध्ये दोन याने एका ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणात एकमेकांशी झुंजत असत. १९८४ सालच्या ‘एलीट’ने खेळणाऱ्यापुढे आठ आकाशगंगांचा विस्तार ठेवला, तथापि त्या विस्तारातील मुख्य व्यवहार व्यापार आणि लढाई हाच होता. दुसरीकडे, १९९३ सालच्या ‘मिस्ट’ने शत्रू, शस्त्र आणि गुणसंख्या यांना पूर्णपणे फाटा दिला आणि एका निर्जन बेटावर खेळणाऱ्याला एकटे सोडले. पाहणे, वाचणे आणि अर्थ लावणे एवढीच कृती तेथे शिल्लक राहिली. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. ठरावीक कालावधी पुनःपुन्हा जगण्याची तिसरी कल्पनाही त्यास येऊन मिळते. २००० सालच्या ‘मेजोराज् मास्क’ या जपानी खेळात कोसळू पाहणाऱ्या चंद्राच्या छायेत तीन दिवसांचे चक्र फिरत राहते, हे या संदर्भात आठवावे.

या खेळाचा उगम अमेरिकेतील युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया येथील पदव्युत्तर अभ्यासक्रमात आहे. ॲलेक्स बीचम या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंध-प्रकल्पाच्या रूपाने त्याचा पहिला आराखडा सिद्ध केला. अपूर्णावस्थेतच या खेळाला २०१५ साली इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुढे अभिनेते मासी ओका यांनी स्थापन केलेल्या मोबियस डिजिटल या संस्थेने तो पूर्ण केला व मे २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. संहितालेखनात केल्सी बीचम यांचा व संगीतात अँड्र्यू प्राहलो यांचा मोठा वाटा आहे. २०२० साली ब्रिटिश अकादमीच्या खेळविषयक पुरस्कारांत त्यास सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. २०२१ साली ‘एकोज ऑफ द आय’ हा त्याचा एकमेव विस्तार प्रसिद्ध झाला. पुरस्कारांचा हा उल्लेख केवळ पार्श्वभूमीसाठी केला आहे. कलाकृतीचे मूल्य त्यावरून सिद्ध होत नाही.

३. कथाविश्वाचा परिचय

टिंबर हार्थ नावाच्या लहानशा वनाच्छादित ग्रहावर चार डोळ्यांच्या, साध्या स्वभावाच्या जीवांचे एक खेडे आहे. लाकूड, पत्रा आणि दोऱ्या यांच्या साहाय्याने त्यांनी आपला अवकाश-कार्यक्रम उभारलेला आहे. खेळणारा हा त्यातील नवशिका अंतराळवीर असून त्याचे पहिले उड्डाण आज व्हावयाचे आहे. वेधशाळेतून उड्डाणाचा संकेतांक घेऊन तो निघतो. कोठे जावे, काय करावे याविषयी त्यास कोणताही आदेश नाही. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सारी ग्रहमाला भस्मसात होते आणि नायक पुन्हा त्याच शेकोटीपाशी जागा होतो. काय घडले ते त्याला आठवत असते. इतरांना (एका प्रवाशाचा अपवाद वगळता) त्याची गंधवार्ताही नसते.

या बावीस मिनिटांच्या चक्रात ग्रहमाला सतत बदलत असते. दोन जुळ्या ग्रहांपैकी एकावरील वाळू दुसऱ्यावर वाहून जाते. त्यामुळे एका ठिकाणच्या गुहा बुजत जातात, तर दुसऱ्या ठिकाणचे मनोरे उघडे पडतात. ब्रिटल हॉलो हा पोकळ ग्रह आपल्याच गाभ्यातील कृष्णविवरात तुकड्यातुकड्याने कोसळत राहतो. जायंट्स डीप या जलमय ग्रहावर चक्रीवादळे बेटेच्या बेटे आकाशात भिरकावतात. डार्क ब्रॅम्बल या काटेरी, धुकट प्रदेशात महाकाय मासे दबा धरून बसलेले आहेत. एक चंद्र असा आहे की त्याच्यावरून दृष्टी हटताच तो अन्यत्र जातो.

या सर्व ठिकाणी नोमाई नावाच्या प्राचीन जमातीचे अवशेष विखुरलेले आहेत. विश्वाहूनही जुना असा एक संकेत ऐकून ही जमात येथे आली, अडकली, वसली आणि दोन लाख ऐंशी हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एकाएकी नष्ट झाली. तिचे लेख भिंतींवर वळणावळणाच्या रेषांत कोरलेले आहेत. एका रेषेतून दुसरी फुटते, ती पहिलीचे उत्तर असते. अशा रीतीने खेळणारा जे वाचतो ते शिलालेख नसून संभाषणे असतात. शास्त्रज्ञांचे मतभेद, थोरामोठ्यांच्या चिंता, मुलांचे खेळ हे सर्व त्यांत येते. नोमाई कोणत्या शोधात होते आणि बावीस मिनिटांचे हे चक्र कोणी व कशासाठी निर्माण केले, याचा उलगडा करणे हेच या खेळाचे कथानक होय.

४. वातावरणनिर्मिती आणि आशय

एखादा खेळ ‘वातावरणप्रधान’ आहे असे म्हणताना बहुधा त्यातील दृश्ये, प्रकाश व संगीत यांची प्रशंसा अभिप्रेत असते. येथे वातावरण या शब्दाचा अर्थ अधिक खोल आहे. ‘आउटर वाइल्ड्स’मधील चित्रण भव्य नाही. ग्रह इतके लहान आहेत की काही मिनिटांत पायी प्रदक्षिणा घालता यावी. यान खेड्यातील सुताराने जोडल्यासारखे दिसते. त्या यानाची काच तडकते, इंजिन निखळते आणि दुरुस्ती आपली आपणच करावी लागते. या घरगुतीपणामुळेच भोवतालची अफाट पोकळी जाणवते. भव्यतेची जाणीव करून देण्यासाठी शेजारी लहान वस्तू ठेवावी लागते, हे तत्त्व येथे अचूकपणे पाळले आहे.

ध्वनीची योजना या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. खेड्यातून पूर्वी निघालेले प्रवासी वेगवेगळ्या ग्रहांवर बसून आपापले वाद्य वाजवीत असतात: कोणी बँजो, कोणी बासरी, कोणी ढोल, कोणी हार्मोनिका. एक जण नुसती शीळ घालतो. ध्वनिसंकेत टिपणारे साधन आकाशाकडे रोखले की त्या त्या दिशेने ते ते वाद्य ऐकू येते. ग्रह फिरत फिरत एका रेषेत आले तर निरनिराळी वाद्ये एकत्र मिसळतात आणि ती सर्व एकाच रचनेचे भाग आहेत हे ध्यानात येते. एकमेकांपासून दूर बसलेले एकाकी लोक नकळत एकच गाणे वाजवीत आहेत, ही प्रतिमा कोणत्याही संवादाशिवाय उभी राहते. शेवटच्या प्रसंगात हे सारे एका शेकोटीभोवती जमतात तेव्हा त्या प्रसंगाची पूर्वतयारी ऐकणाऱ्याच्या कानांत आधीच झालेली असते.

काळाचे भानही ध्वनीतूनच दिले जाते. स्फोटाच्या थोडे आधी एक विशिष्ट संगीत सुरू होते. प्रथम ते नुसते सुंदर वाटते, दुसऱ्या-तिसऱ्या चक्रात ते भयसूचक होते, आणि पुढे पुढे ते ओळखीच्या निरोपासारखे वाटू लागते. स्वर तेच असतात, ऐकणारा बदललेला असतो. वातावरण हे येथे आशयाचे वाहन झाले आहे, असे म्हणावयाचे ते यामुळेच.

विज्ञानाच्या वापराविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. विज्ञानकथेत विज्ञान गाभ्याशी असावे, ते केवळ अलंकारासारखे नसावे, ही अपेक्षा मराठीत वारंवार मांडली गेली आहे. या कसोटीवर हा खेळ मोठ्या अंशी उतरतो. कक्षा, गुरुत्वाकर्षण व जडत्व यांचे नियम खेळणाऱ्याला हाताने शिकावे लागतात. निरीक्षणाने वस्तूची स्थिती निश्चित होते ही पुंजभौतिकीतील कल्पना मोठ्या आकारात आणून तिच्यावर कोडी रचलेली आहेत. काही ठिकाणी स्वातंत्र्यही घेतले आहे. आपल्या सूर्याएवढ्या वस्तुमानाचा तारा अतिनवताऱ्याच्या स्फोटाने संपत नाही. तो प्रथम तांबडा राक्षसी तारा होतो आणि पुढे श्वेत बटू बनतो. परंतु खेळातील ग्रहमाला आपली नाही, आणि तिचे आकारमानही उघडच लघुरूपातील आहे. म्हणून हे स्वातंत्र्य दोष न ठरता संकेत ठरते.

५. ज्ञान हीच एकमेव मिळकत

बहुसंख्य खेळांत खेळणाऱ्याची प्रगती म्हणजे शस्त्र, सामर्थ्य, संपत्ती वा गुण यांची वाढ. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये यातील काहीही नाही. पहिल्या चक्रात हाती जी साधने असतात तीच शेवटच्या चक्रात असतात. वाढते ते केवळ ज्ञान. यानातील नोंदवही सापडलेल्या माहितीचे धागे जोडून दाखविते. पण त्यांचा अर्थ खेळणाऱ्यालाच लावावा लागतो. तत्त्वतः पाहता सर्व रहस्ये ठाऊक असलेला मनुष्य हा खेळ एकाच चक्रात, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत, संपवू शकतो. इतरांना त्यासाठी वीस-पंचवीस तास सहज लागतात. या दोन कालावधींमधील अंतर म्हणजेच हा खेळ होय.

याचे एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. डार्क ब्रॅम्बलमधील महाकाय माशांच्या तडाख्यात सापडून प्रत्येक जण अनेकदा मरतो. अन्य ग्रहावरील एका गुहेत अशाच माशाचा अश्मीभूत सांगाडा आहे. तेथे नोमाई मुलांनी आपल्या खेळाचे नियम लिहून ठेवले आहेत. आपल्याकडील आंधळ्या कोशिंबिरीसारखा तो खेळ असून मासा झालेल्या मुलाचे डोळे बांधलेले असतात. हे वाचणाऱ्याला उमगते की हे मासे आंधळे आहेत आणि केवळ आवाजावर धावून येतात. इंजिन बंद ठेवून तरंगत गेले तर वाट मोकळी आहे. लाखो वर्षांपूर्वीच्या मुलांच्या खेळातून आजच्या माणसाचे प्राण वाचतात. ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे जाते याविषयी व्याख्यान न देता तो अनुभवच येथे दिला आहे.

यापुढील पायरी अधिक कठोर आहे. स्फोटाचे कारण शोधून तो थांबविता येईल, अशी आशा खेळणाऱ्याच्या मनात स्वाभाविकपणे असते. नोमाई शास्त्रज्ञांनी सूर्याचा स्फोट घडविण्यासाठी एक केंद्र उभारले होते, असे त्यास कळते. त्या स्फोटाची ऊर्जा वापरून त्यांना बावीस मिनिटे मागे संदेश पाठवावयाचा होता. हे करावे की करू नये याविषयीचे त्यांचे नैतिक वादही वाचावयास मिळतात. खलनायक सापडला असे वाटत असतानाच खेळणारा त्या केंद्रात पोहोचतो आणि त्यास कळते की ते केंद्र निष्फळ ठरले होते. सूर्य कोणी मारलेला नाही. तो वृद्ध झाला आहे. आकाशातील इतर तारेही एकामागून एक विझत आहेत. विश्वाचेच आयुष्य सरले आहे.

शत्रू नाही, म्हणून विजयही नाही. उरतो तो एकच निर्णय: कालचक्र चालविणाऱ्या यंत्राचा गाभा काढून घ्यावयाचा, म्हणजे स्वतःच्या पुनरुज्जीवनाची हमी स्वतःच्या हाताने संपवावयाची, आणि नोमाईंना जेथे जाता आले नाही तेथे एकदा जाऊन पाहावयाचे. तेथे जुने सोबती शेकोटीभोवती जमतात, सर्वांचे वादन एकत्र होते आणि त्यातून नवे विश्व जन्मास येते. ते विश्व आपले नसते.

६. खेळणाऱ्यांच्या प्रतिसादाचे स्वरूप

या खेळाला मिळालेल्या प्रतिसादांत स्थूलमानाने चार प्रवृत्ती आढळतात.

(अ) गोंधळ व त्याग : आरंभीच्या काही तासांतच खेळ सोडून देणाऱ्यांची संख्या लहान नसावी. काय करावयाचे ते सांगितले जात नाही, यान सांभाळणे कठीण जाते, उलगडा होत असतानाच स्फोट होऊन सारे पुन्हा आरंभापासून सुरू होते, या त्यांच्या मुख्य तक्रारी आहेत. त्या केवळ उतावीळपणातून आलेल्या नाहीत. एका विशिष्ट वेळीच पोहोचता येईल अशा ठिकाणी चौथ्यांदा जाताना होणारा प्रवास हा शोधाचा आनंद देत नाही, हे मान्य केले पाहिजे.

(आ) भय : खोल पाणी, अथांग पोकळी, धुक्यातील मासे यांमुळे अनेकांना शारीर पातळीवरील भीती वाटल्याचे आढळते. शस्त्रच नसल्याने भीतीचे रूपांतर लढाईत करता येत नाही; तिच्यातून केवळ समजून घेऊनच पार पडता येते. ‘एकोज ऑफ द आय’ या विस्तारात तर अंधार व पाठलाग यांवर एवढा भर आहे की निर्मात्यांनी भयाची तीव्रता कमी करण्याचा पर्याय खेळातच उपलब्ध करून दिला. त्या विस्ताराविषयीची मते यामुळे काहीशी विभागलेली आहेत.

(इ) शोक व शांती : पूर्ण खेळलेल्यांच्या लेखनात रडू आल्याचा उल्लेख वारंवार येतो. लक्षणीय गोष्ट ही की या रडण्याचे वर्णन बहुतेक जण दुःख असे करीत नाहीत. जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर वा आजारपणात हा खेळ खेळलेल्या कित्येकांनी, त्यातून अंत स्वीकारण्याचे बळ मिळाल्याचे लिहिले आहे.

(ई) मौन : सर्वांत विलक्षण प्रवृत्ती हीच होय. हा खेळ आवडलेला मनुष्य दुसऱ्यास तो खेळण्याचा आग्रह करतो, परंतु त्यात काय आहे हे सांगण्याचे कटाक्षाने टाळतो. त्याविषयी काहीही वाचू नये, असाच सल्ला दिला जातो. कोणी अडचण विचारल्यास सरळ उत्तर न देता, तेथे पुन्हा जाऊन नीट पाहावे, एवढेच सुचविले जाते. सारे विसरून हा खेळ पुन्हा प्रथमच खेळता आला असता तर, ही इच्छा तर जवळजवळ ठरावीक उद्गार होऊन बसली आहे. आणि ते शक्य नसल्याने असंख्य लोक अनोळखी माणसांच्या पहिल्या खेळाच्या तासन्‌तास लांबीच्या चित्रफिती पाहत बसतात.

७. रसविचाराच्या प्रकाशात

या प्रतिसादाचे आकलन होण्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील रसविचार साहाय्यभूत ठरतो. विस्मय या स्थायी भावातून अद्भुत, भयातून भयानक आणि शोकातून करुण हे रस निष्पन्न होतात, हे सर्वश्रुत आहे. ‘आउटर वाइल्ड्स’च्या अनुभवात हे तिन्ही क्रमाने येतात, मात्र शेवट करुणावर थांबत नाही, तो शांत रसाकडे जातो. अभिनवगुप्ताने शांत रसाचा स्थायी भाव तत्त्वज्ञान हा मानला, म्हणजे वस्तुस्थितीचे यथार्थ ज्ञान हेच शमाचे मूळ मानले. या खेळात ज्ञानावाचून दुसरी मिळकतच नाही आणि त्या ज्ञानाची परिणती अंताच्या स्वीकारात होते, हे लक्षात घेता अभिनवगुप्ताचा हा सिद्धांत येथे आश्चर्यकारक रीतीने लागू पडतो. अर्थात अभिनवगुप्तास अभिप्रेत असलेले आत्मज्ञान आणि खेळातील विश्वविषयक ज्ञान एकच नव्हे. साम्य आहे ते प्रक्रियेचे: जाणणे पूर्ण झाले की धडपड शमते.

रसविघ्नांची कल्पनाही येथे उपयोगी आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली असून स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे त्यांपैकी एक आहे. नाटकाच्या प्रेक्षकाला हे विघ्न बाहेरून येते, घरची चिंता तो सोबत घेऊन येतो. व्हिडिओ गेममध्ये ते आतूनच उद्भवते. कारण येथे प्रेक्षक आणि नट एकच असतो. यान आदळल्याची चीड ही पात्राची नसून खेळणाऱ्याची असते. खेळ अर्ध्यावर सोडणारे अरसिक असतात असे नाही. माध्यमाच्या स्वरूपातूनच येणारे हे विघ्न त्यांच्या आड आलेले असते. ज्यांनी खेळ पूर्ण केला त्यांच्या हाताला सवय झाली, विघ्न सरले आणि मग आस्वादास वाव मिळाला, एवढाच दोघांतील भेद मानावा.

८. मौनाची चिकित्सा

श्रेष्ठ कलाकृती ही पुनःपुन्हा आस्वाद घेण्याजोगी असते, ही समीक्षेतील एक रूढ कसोटी आहे. या कसोटीवर ‘आउटर वाइल्ड्स’ अनुत्तीर्ण ठरतो, असे प्रथमदर्शनी वाटेल. त्यातील ज्ञान एकदा प्राप्त झाले की परत करता येत नाही. रहस्यकथेचीही हीच अडचण आहे असे कोणी म्हणेल. तथापि रहस्यकथेचा वाचक उत्तर ऐकतो, येथे खेळणारा ते स्वतः शोधतो व त्यावर प्राणाची पैज लावून कृती करतो. त्यामुळे उत्तर आधी कळल्यास कथेतील उत्कंठाच तेवढी कमी होते असे नव्हे, तर करावयाची कृतीच शिल्लक राहत नाही. खेळणाऱ्यांचे मौन हे म्हणून निव्वळ शिष्टाचार नाही. कलाकृतीच्या रचनेची त्यांना झालेली ती अचूक जाणीव आहे.

दुसऱ्याचा पहिला खेळ पाहण्याची हौसही याच दृष्टीने समजून घेता येते. पाहणाऱ्याला सर्व ठाऊक असते. समोरचा मनुष्य चुकीच्या दिशेने जात आहे, मुलांच्या खेळाचे नियम न वाचताच गुहेतून बाहेर पडत आहे, हे त्याला दिसते. तो काही बोलू शकत नाही. नोमाईंचे लेख वाचताना खेळणाऱ्याची जी अवस्था होती, त्याच अवस्थेत तो पुन्हा येतो. त्यांचे काय होणार हे त्याला ठाऊक होते, त्यांना नव्हते. या कलाकृतीचा पुनःप्रत्यय अशा रीतीने दुसऱ्या माणसाच्या द्वारे येतो. जे आपल्याला पुन्हा मिळणार नाही ते दुसऱ्याला मिळताना पाहणे आणि त्यात समाधान मानणे, हाच तर खेळाच्या शेवटाचा आशय आहे. प्रतिसादाने कलाकृतीचा अर्थ केवळ सांगितला नाही, तर आचरणात आणला, असे म्हणता येईल.

तथापि या मौनाची दुसरी बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्याविषयी बोलावयाचेच नाही त्याची चिकित्सा होत नाही. खेळ न आवडल्याचे सांगणाऱ्यास, तुम्ही तो पूर्ण केला नाही म्हणून तुम्हांस समजला नाही, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ज्याने दोष दाखविण्यासाठी तपशील द्यावा त्यानेच तपशील देऊ नये अशी अपेक्षा असते. यातून दीक्षा घेतलेल्यांचा एक पंथ तयार होण्याचा धोका संभवतो, आणि पंथ हा समीक्षेचा शत्रू होय. मध्यंतरीची पुनरावृत्ती, काही कोड्यांतील काळाची जाचक अट, यांत्रिक कौशल्यावरील भर या उणिवांची मोकळी चर्चा त्यामुळे मागे पडली आहे.

परिचय आणि समीक्षा यांतील भेद येथे उपयोगी ठरतो. परिचय हा न खेळलेल्यांसाठी असतो. त्याने मौन पाळणे योग्यच आहे. समीक्षा ही कलाकृतीच्या अर्थाची जबाबदारी घेते, आणि या कलाकृतीचा अर्थ तिच्या अंतातच आहे. सूर्य वृद्धापकाळाने मरत आहे हे न सांगता, यात विजय नाही हे कसे सांगता येईल? आणि विजय नाही हे न सांगता, अश्रू कशाचे आहेत हे तरी कसे सांगता येईल?

९. एक तुलना

या विवेचनास २०१६ सालच्या ‘नो मॅन्स स्काय’ या अन्वेषण-खेळाशी तुलना केल्यास पुष्टी मिळते. त्या खेळात गणिती सूत्रांच्या साहाय्याने अठरा अब्जगुणिले अब्ज, म्हणजे दोनचा चौसष्टावा घात, इतके ग्रह निर्माण करण्यात आले होते. प्रसिद्धीनंतर खेळणाऱ्यांत तीव्र निराशा पसरली. जाहिरातींविषयीच्या तक्रारी ब्रिटनमधील जाहिरात-नियामक संस्थेपर्यंत गेल्या, पण त्या संस्थेने त्या ग्राह्य धरल्या नाहीत. पुढील काही वर्षांत निर्मात्यांनी विनामूल्य सुधारणा करून खेळणाऱ्यांचा विश्वास बव्हंशी परत मिळविला, हेही नमूद केले पाहिजे. आरंभीच्या निराशेमागे अपुऱ्या सोयींचा भाग होताच. परंतु तिच्यात एक सौंदर्यविषयक कारणही होते. असंख्य ग्रह होते, पण त्यांपैकी कोणत्याही ग्रहावर कोणी काही लिहून ठेवावे असे घडले नव्हते, असाच अनुभव अनेकांना आला. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये मोजके ग्रह आहेत; त्यावरील प्रत्येक भिंत कोणीतरी कोणालातरी उद्देशून लिहिलेली आहे. अन्वेषणाचे समाधान विस्तारावर नव्हे, तर तेथे पूर्वी कोणी विचार केला होता या जाणिवेवर अवलंबून असते, असे या दोन प्रतिसादांवरून दिसते.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ‘आउटर वाइल्ड्स’मधील वातावरण हे आशयापासून वेगळे काढता येत नाही. विशेषतः ध्वनियोजनेतून एकाकीपण, सहभाव व काळाचे भान या तिन्ही गोष्टी सिद्ध होतात.

२) सामर्थ्याऐवजी ज्ञान ही एकमेव मिळकत ठेवल्यामुळे खेळाचा प्रवास विस्मयाकडून भयाकडे, भयाकडून शोकाकडे आणि अखेरीस शमाकडे होतो. खेळणाऱ्यांच्या प्रतिक्रियांत हाच क्रम उमटलेला दिसतो.

३) आरंभी खेळ सोडून देणाऱ्यांचा प्रतिसाद हाही महत्त्वाचा पुरावा आहे. आस्वादक स्वतःच कर्ता असल्याने या माध्यमात रसविघ्न आतूनच निर्माण होते, हे त्यातून कळते.

४) एकदाच अनुभवता येणारी कलाकृतीही टिकाऊ असू शकते, तिचा पुनःप्रत्यय दुसऱ्याच्या प्रथम अनुभवातून येतो. पुनरास्वादाची रूढ कसोटी या माध्यमापुरती तरी विस्तारावी लागेल.

५) खेळणाऱ्यांचे मौन आदरणीय असले तरी समीक्षेने ते स्वीकारणे इष्ट नाही.

शेवटी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोमाईंचा शोध अपुरा राहिला. त्यांच्यापैकी कोणीही उत्तरापर्यंत पोहोचले नाही. पण त्यांनी आपले वाद, आपल्या चुका आणि आपल्या मुलांचे खेळसुद्धा लिहून ठेवले, म्हणूनच पुढे कोणीतरी तेथवर जाऊ शकले. त्यांनी मौन पाळले असते तर हा खेळच उरला नसता. या माध्यमाविषयी लिहू पाहणाऱ्या मराठी अभ्यासकांनी एवढे जरी लक्षात घेतले, तरी पुढील चर्चेस आरंभ होईल.